मंगळावर निघालेल्या रोव्हरचं लाँच लाइव्ह कसं बघायचं, आणि टॅब कधी बंद करायचा नाही

२०११ च्या नोव्हेंबरात नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरचं लाँच मी लाइव्ह बघितलं, म्हणजे बघितलं असं मला वाटत होतं. आग, धूर, रॉकेट वर गेलं, ढगात शिरलं, चार-पाच मिनिटांनी स्क्रीनवर नुसतं ॲनिमेशन सुरू झालं तसा मी लॅपटॉप मिटला आणि जेवायला बसलो. नंतर वाचताना कळलं की मंगळाकडे ढकलणारं इंजिन पेटलं ते अर्ध्या तासानंतर, म्हणजे मी ताट घासत होतो तेव्हा. थोडक्यात मी वरातीचे फटाके बघून घरी आलो होतो, लग्न लागायचंच होतं.

२०२० मध्ये पुढच्या रोव्हरच्या, पर्सिव्हिअरन्सच्या वेळी मात्र शेवटपर्यंत बसलो आणि तेव्हा लक्षात आलं की बघण्यासारखं जे काही असतं त्यातलं निम्म्याहून जास्त आग दिसेनाशी झाल्यावर असतं, फक्त ते डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त बघावं लागतं. पुढच्या वेळी कुठलाही रोव्हर निघाला की तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून हे लिहून ठेवतोय.

आधी तारखेचं बघू, कारण पहिला घोटाळा तिथेच होतो.

मंगळावर कधीही मनात आलं म्हणून जाता येत नाही. घड्याळाचे दोन काटे डोळ्यापुढे आणा, मिनिटकाटा म्हणजे पृथ्वी, तासकाटा म्हणजे मंगळ. जोरात पळणारा काटा हळू चालणाऱ्याला ठरावीक वेळानेच गाठतो, मध्ये कितीही घाई असली तरी नाही. पृथ्वीची सूर्याभोवतीची फेरी ३६५ दिवसांची, मंगळाची ६८७ दिवसांची, त्यामुळे दोघांची तीच तीच मांडणी साधारण ७८० दिवसांनी म्हणजे २६ महिन्यांनी परत येते, आणि कमी इंधनात जायचं तर त्या मांडणीच्या आसपासच्या काही आठवड्यांतच निघावं लागतं. ते आठवडे चुकले की पुढची गाडी २६ महिन्यांनी. क्युरिऑसिटी खरंतर २००९ मध्ये जाणार होता, त्याच्या सांध्यांमधल्या मोटर्स वेळेत तयार होईनात म्हणून थेट २०११ वर गेला. युरोपचा रोझलिंड फ्रँकलिन २०२० ला चुकला, मग २०२२ ची सगळी तयारी झालेली असताना युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर रशियाबरोबरचं काम थांबलं आणि आता तो २०२८ मध्ये सोडायचा बेत आहे. एका रोव्हरसाठी ही केवढी वाट!

यात दोन शब्द वेगळे ठेवा. लाँच पीरियड म्हणजे ते काही आठवडे, आणि लाँच विंडो म्हणजे त्यातल्या एका दिवसातली ठरावीक वेळ, कधी दोन तास, कधी जेमतेम अर्धा तास. बातम्यांमध्ये सर्रास दोन्हीला विंडोच म्हणतात आणि मग लोक विचारतात की विंडो ऑगस्टपर्यंत आहे तर आज एवढी धावपळ कशाला.

म्हणून पहिली जाहीर झालेली तारीख पेन्सिलने लिहायची. पर्सिव्हिअरन्सची तारीख २०२० मध्ये १७ जुलै होती. क्रेनमध्ये काहीतरी बिघडलं, २० जुलै झाली. मग यान रॉकेटच्या टोपीत बंद करताना जमिनीवरच्या यंत्रणेतून घाण लागली असेल की काय अशी शंका आली, २२ जुलै झाली. मग रॉकेटमध्ये खरंखुरं इंधन भरून जी रंगीत तालीम करतात त्यात लिक्विड ऑक्सिजनच्या एका सेन्सर लाइनचे आकडे विचित्र आले, ते तपासायला वेळ हवा म्हणून ३० जुलै. मधल्या काळात शेवटची तारीख पण ऑगस्टच्या मध्यापर्यंत पुढे सरकवली. २००३ मध्ये ऑपॉर्च्युनिटी तर रॉकेटवरचं कॉर्कचं इन्सुलेशन नीट चिकटेना म्हणून अडकून बसला होता, कॉर्क! तेव्हा सुट्टी टाकायची असेल तर पहिल्या तारखेला टाकू नका, कॅलेंडरमध्ये अख्खा पीरियड हलक्या रंगाने रंगवा आणि दोन दिवस आधी रॉकेट पॅडवर उभं राहिल्याची बातमी आली की मग गंभीर व्हा.

वेळेचं सोपं आहे पण चुकतं. नासा सगळं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेत सांगते, आणि ती वेळ उन्हाळ्यात यूटीसीच्या, म्हणजे जगभरच्या प्रमाणवेळेच्या, चार तास मागे आणि हिवाळ्यात पाच तास मागे असते. पर्सिव्हिअरन्स तिकडच्या सकाळी ७:५० ला उडाला म्हणजे ११:५० यूटीसी, म्हणजे भारतात संध्याकाळचे ५:२०. क्युरिऑसिटी नोव्हेंबरात सकाळी १०:०२ ला, म्हणजे १५:०२ यूटीसी, भारतात रात्री ८:३२. तुम्ही आधी यूटीसी काढा आणि मग आपली वेळ, थेट उडी मारायला गेलात की तो उन्हाळा-हिवाळ्याचा एक तास तुम्हाला हमखास चकवतो.

आता कुठे बघायचं. ज्यांचं यान त्यांच्याच अधिकृत चॅनलवर, आणि तिथेही लिंक सर्चमधून नाही तर त्यांच्या वेबसाइटवरून उघडायची. हे मी अनुभवाने सांगतोय, एका मोठ्या लाँचच्या दिवशी सर्च करून मी जो पहिला लाइव्ह उघडला त्यात व्ह्यूअर्सचा आकडा दणदणीत, चॅनलचं नाव खऱ्यासारखंच, आणि कोपऱ्यात एक क्यूआर कोड, कॉइन पाठवा आणि दुप्पट मिळवा म्हणून. रेकॉर्डिंग जुनंच होतं. काउंटडाउनचं घड्याळ अधिकृत साइटशी जुळतंय का एवढं बघितलं तरी अशी लाइव्हं लगेच ओळखू येतात.

नासा बऱ्याचदा मुख्य कार्यक्रमाबरोबर आणखी एक फीड देते, त्यात निवेदक नसतात, फक्त कॅमेरे आणि कंट्रोल रूमचे आवाज. सापडलं तर ते दुसऱ्या टॅबमध्ये उघडून ठेवाच. मुख्य कार्यक्रमात मुलाखती आणि व्हिडिओ चालू असतात, छान असतात, पण नेमकी महत्त्वाची घोषणा त्यांच्या बोलण्याखाली दबून जाते. आणि लाइव्हला उशीर असतो, कधी दहा सेकंद कधी जास्त, त्यामुळे ग्रुपवरचं चॅट म्यूट करा, नाहीतर तुमच्याकडे अजून "पाच, चार" चालू असताना कोणीतरी फटाक्याची इमोजी टाकून मोकळा होतो.

आणि एक काम आदल्या दिवशी करायचं, यातच सगळी गंमत आहे. मिशनचं प्रेस किट, म्हणजे पत्रकारांसाठीची माहितीपुस्तिका, डाउनलोड करा, सगळं वाचू नका, त्यात लाँचचा टाइमलाइन असतो तेवढं पान काढा आणि कागदावर हाताने उतरवा. डावीकडे मिनिटं, उजवीकडे काय होणार, आणि शेजारी टिक करायला रिकामी जागा. आमच्याकडे हा कागद माझ्या भाचीने लिहिला होता, तेव्हा ती आठ वर्षांची, सेंटॉरचं, म्हणजे रॉकेटच्या वरच्या टप्प्याचं, स्पेलिंग तिने तीन वेळा खोडून लिहिलेलं, आणि लाँचच्या वेळी पेन्सिल कानावर अडकवून ती अशी बसली होती की जणू तिने टिक केल्याशिवाय पुढचा टप्पा होणारच नाही. हा कागद नसेल तर आग संपल्यावर तुम्हाला कंटाळा येणार, लिहून देतो.

रॉकेटचं नाव पण समजून घ्या. क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हिअरन्स दोघंही ॲटलस फाइव्ह ५४१ वर गेले, दोघंही केप कॅनाव्हरलच्या ४१ नंबरच्या पॅडवरून. ५४१ हा अनुक्रमांक नाही, ५ म्हणजे टोपी पाच मीटर रुंदीच्या जातीची, ४ म्हणजे बाजूला चार सॉलिड बूस्टर, १ म्हणजे वरच्या सेंटॉर टप्प्याला एक इंजिन. एवढं माहीत असलं की स्क्रीनवर बूस्टर मोजायला मजा येते.

लाँचच्या दिवशी निदान एक तास आधी लावा. पॅडवर रॉकेटच्या अंगातून पांढरा धूर निघताना दिसेल. भाचीने लगेच विचारलं, मामा पेटलं का? पेटलेलं नसतं. आत लिक्विड ऑक्सिजन असतो, उणे १८० अंशांच्या आसपास, तो सारखा थोडा थोडा उकळत असतो आणि तो वायू बाहेर सोडावा लागतो, हवेतली वाफ त्या गारव्याने गोठून ढग दिसतो. अगदी शेवटच्या मिनिटांत तो ढग थांबला की समजायचं व्हेंट बंद करून टाकीत प्रेशर वाढवतायत, म्हणजे मामला खरंच जवळ आलाय. हे कोणी निवेदक सांगत नाही सहसा, पण घड्याळाकडे न बघता कळतं.

मग घड्याळ अचानक थांबतं आणि सगळे घाबरतात. घाबरू नका. ॲटलसच्या काउंटडाउनमध्ये टी मायनस चार मिनिटांना ठरवून ठेवलेला थांबा असतो, आधीच्या कामांत कुठे मिनिट-दोन मिनिटं मागे पडलं असेल तर इथे भरून निघतं. एल मायनस म्हणजे उड्डाणाला खरोखर उरलेला वेळ, टी मायनस म्हणजे थांबे वगळून चालणारं घड्याळ, म्हणून दोन्ही आकडे जुळत नाहीत. या थांब्यातच लाँच कंडक्टर एकेका विभागाला विचारतो आणि प्रत्येकजण गो म्हणतो. हा भाग आवर्जून ऐका. पंधरावीस माणसं एकेका शब्दात उत्तर देतात, आवाजात काहीही नसतं, रेल्वे स्टेशनवरची घोषणा असावी तसं, आणि त्यातलं एक जरी नो गो आलं तरी अख्खा दिवस संपू शकतो.

नो गो बहुतेक वेळा हवामानाचा येतो. आकाश निळंशार दिसतंय आणि तरी लाँच अडलंय असं झालं की चॅटमध्ये टिंगल सुरू होते. पण पाऊस ही त्यांची मोठी भीती नाहीच, भीती विजेची आहे, आणि वीज आधीपासून पडत असायला पाहिजे असंही नाही. रॉकेट आणि त्यामागचा तापलेला वायूचा लांबलचक झोत मिळून ढगातल्या विजेला जमिनीपर्यंत आयती वाट करून देतात. १९६९ मध्ये अपोलो १२ ला उडाल्यावर मिनिटाच्या आत दोनदा वीज लागली, ते नशिबाने वाचले. १९८७ मध्ये एका ॲटलस-सेंटॉरला लागली ते वाचलं नाही. म्हणून ढगांची जाडी, वादळाच्या ढगाचा वर पसरलेला पंखा, हवेतलं विद्युत क्षेत्र असले सगळे नियम आहेत. अंदाज टक्क्यांत येतो, पर्सिव्हिअरन्सला ८० टक्के अनुकूल होता, आणि तो विंडो उघडली त्याच मिनिटाला उडाला. असं नेहमी होत नाही, विंडो दोन तासांची असेल तर तुम्हीही दोन तास हाताशी ठेवा.

त्या दिवशी अजून एक झालं, लाँचला जेमतेम वीस मिनिटं उरली असताना कॅलिफोर्नियात, म्हणजे जिथून पुढचा सगळा प्रवास सांभाळायचा त्या जेपीएलच्या (नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या) भागात ४.२ चा भूकंप झाला. काउंटडाउन चालू होतं फ्लोरिडात, त्यामुळे काही अडलं नाही. पण यातून लक्षात ठेवा की लाँचच्या दिवशी दोन वेगळ्या खोल्या काम करत असतात. फ्लोरिडातली खोली रॉकेटची, ती तासाभरात मोकळी होते. कॅलिफोर्नियातली खोली यानाची, तिचं काम तेव्हा सुरू होतं. कॅमेरा तिथे गेला की टेबलांवर शेंगदाण्यांच्या बरण्या शोधा. १९६४ मध्ये नासाचं रेंजर ७ यान चंद्राकडे निघालं तेव्हा कोणीतरी खोलीत शेंगदाणे फिरवले होते, त्याआधीची सहा रेंजर फसली होती आणि हे जमलं, तेव्हापासून एवढे मोठे शास्त्रज्ञ शेंगदाण्याशिवाय बसत नाहीत.

उड्डाण मी फार वर्णन करत नाही, ते तुम्ही बघालच. फक्त कागद हातात घ्या. पर्सिव्हिअरन्सचं असं होतं: इंजिन पेटलं की ते नीट चाललंय का बघायला दोन-तीन सेकंद, मग बूस्टर पेटतात आणि चार बूस्टर असल्याने रॉकेट रेंगाळत नाही, टुणकन उठतं. मिनिटाच्या आत मॅक्स क्यू ऐकू येतं, हवेचा दाब सर्वात जास्त असतो तो क्षण. पावणेदोन मिनिटांच्या सुमारास बूस्टर सुटतात, चांगली हवा असेल तर चार ठिपके गिरक्या घेत पडताना दिसतात. साडेतीन मिनिटांच्या जवळपास टोपी, म्हणजे फेअरिंग, दोन भागांत उघडून पडते. ती हवेपासून वाचवायला होती, आता हवाच उरली नाही तर ते वजन कशाला वाहायचं. साडेचार मिनिटांच्या आत पहिला टप्पा बंद, तो सुटतो, सेंटॉरचं इंजिन पेटतं.

नेमकं इथेच लोक उठतात. टीव्हीवर ॲनिमेशन येतं, कार्टून आहे म्हणून पोरं पण पांगतात. ते ॲनिमेशन असलं तरी बऱ्याचदा खऱ्या आकड्यांवर चालत असतं, आणि खरा मजकूर तर आवाजात असतो. साडेअकरा मिनिटांच्या आसपास मेको ऐकू येतं, मेन इंजिन कट-ऑफ, म्हणजे सेंटॉरचं इंजिन बंद झालं आणि यान पृथ्वीभोवती फिरायला लागलं. टाळ्या पडतात. पण अजून ते पृथ्वीचंच आहे, इतर शेकडो उपग्रहांसारखं, मंगळाशी त्याचा अजून काडीचा संबंध नाही.

आता अर्ध्या तासाहून जास्त शांतता. इंजिन बंद, यान आणि सेंटॉर जोडीने पृथ्वीला वळसा घालतायत, कारण दुसरा धक्का कुठेही देऊन चालत नाही, वळशाच्या एका ठरावीक जागी दिला तरच ते बरोबर दिशेला सुटतं. तेवढ्यात उठा, पाय मोकळे करा. रात्र असेल तर बाहेर जाऊन मंगळ दिसतोय का बघा, २०२० च्या जुलैअखेर तो मध्यरात्रीच्या आसपास उगवायचा आणि दिवसेंदिवस ठळक होत होता. पोरांना तो तांबडा ठिपका दाखवा आणि विचारा की रोव्हर तिकडे चाललाय का. ती हो म्हणणार. तिकडे नाही चाललेला! सहा-सात महिन्यांनी मंगळ जिथे असेल तिथे चाललाय, आत्ता तिथे काहीच नाही. आमच्या भाचीला हे पटायला बराच वेळ लागला, आणि पटल्यावर तिने विचारलं की मग तो वेळेवर आला नाही तर? कोण, मंगळ? हो. यावर मला अजून चांगलं उत्तर सुचलेलं नाही.

पाऊण तासाला परत जागेवर पाहिजेच. सेंटॉर दुसऱ्यांदा पेटतो, सात-आठ मिनिटं जळतो, हाच तो धक्का, आणि यानंतर यानाचा वेग तासाला ३९,६०० किलोमीटरच्या आसपास होऊन ते पृथ्वीला कायमचं सोडतं. स्क्रीनवर बघण्यासारखं जवळपास काही नाही, एक निळसर ॲनिमेशन आणि वाढत जाणारा आकडा. पण मंगळमोहिमा फसायची ही एक ठरलेली जागा आहे. १९९६ मध्ये रशियाचं मार्स ९६ आणि २०११ मध्ये फोबोस-ग्रुंट, दोन्ही रॉकेटं पॅडवरून झकास उडाली, दोन्हीमध्ये रोव्हर नव्हता पण रस्ता हाच होता, आणि दोघांचा घात इथे झाला, पृथ्वीची कक्षा सोडणारा धक्का नीट बसलाच नाही, दोन्ही शेवटी पृथ्वीवरच परत पडली. फोबोस-ग्रुंट तर क्युरिऑसिटीच्या आधी तीन आठवडेसुद्धा नाही, म्हणजे मी लॅपटॉप मिटून जेवायला बसलो तेव्हा त्या खोलीतल्या लोकांच्या डोक्यात काय चाललं असेल याचा विचार करा.

सगळी रॉकेटं हे असंच वेळापत्रक पाळतात असं नाही हां. चीनचं थ्येनवेन-१, ज्यात झुरोंग रोव्हर होता, ते २३ जुलै २०२० ला लाँग मार्च ५ वरून गेलं आणि साधारण ३६ मिनिटांतच रॉकेटपासून सुटून मंगळाच्या वाटेला लागलं. क्युरिऑसिटीला पाऊण तासाच्या आत, पर्सिव्हिअरन्सला ५७ मिनिटं. म्हणून कागद दर वेळी नव्याने लिहायचा, जुना चालत नाही.

मग सेपरेशन. सेंटॉर यानाला हळू फिरकी देऊन सोडतो, मिनिटाला दोनेक फेऱ्या, भोवऱ्यासारखं फिरत राहिलं की यान कलंडत नाही. क्युरिऑसिटीच्या वेळी सेंटॉरवरच्या कॅमेऱ्यात हे दिसलंय, काळ्या पार्श्वभूमीवर एक चकचकीत तबकडी सावकाश फिरत लांब जाते, आवाज नाही काही नाही. माझ्या मते पॅडवरच्या सगळ्या आगीपेक्षा ही काही सेकंदं भारी आहेत, रोव्हर तुम्हाला शेवटचा दिसतो तो इथेच, आणि तोही दिसत नाहीच म्हणा, तो कवचाच्या आत घडी घालून बसलेला असतो.

आणि इथे एक मजेशीर भानगड आहे, यान या क्षणी मंगळाकडे नीट नेमलेलंच नसतं, मुद्दाम थोडं बाजूला नेम धरलेला असतो. सेंटॉर पण त्याच वाटेने मागून येत असतो, आणि रोव्हर जसा जंतूंपासून साफ केलेला असतो तसा तो केलेला नसतो, तो मंगळावर आपटला तर इथले जंतू तिथे. म्हणून दोघांनाही चुकीच्या दिशेने सोडतात आणि मग यान एकटंच काही दिवसांनी आपले छोटे थ्रस्टर वापरून वाट सुधारतं.

सेपरेशननंतर पण टॅब उघडा ठेवा. आता एकच गोष्ट उरलीय, यानाचा पहिला सिग्नल. तोपर्यंत रॉकेट सांगत होतं की मी यानाला नीट सोडलं, यान स्वतः अजून काहीच बोललेलं नाही. पृथ्वीवर तीन ठिकाणी मोठ्या अँटेना आहेत, कॅलिफोर्नियात गोल्डस्टोन, स्पेनमध्ये माद्रिद आणि ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळ, त्यांपैकी जी समोर असेल ती ऐकते. निवेदक ॲक्विझिशन ऑफ सिग्नल म्हणतील, ती कागदावरची शेवटची ओळ.

पर्सिव्हिअरन्सचा पहिला सिग्नल लाँचनंतर साधारण दीड तासाने आला पण त्यातली माहिती वाचताच येईना. कारण काय तर यान फार जवळ होतं! या अँटेना कोट्यवधी किलोमीटरवरून येणारी कुजबुज ऐकायला केलेल्या, आणि हे कानाशी येऊन ओरडत होतं. रिसीव्हर जुळवून घेऊन नीट माहिती मिळेपर्यंत अजून सव्वादोन तास गेले, आणि मिळाली ती अशी की यान सेफ मोडमध्ये आहे. ग्रुपवर लगेच गेलं गेलं सुरू झालं. झालं एवढंच होतं की पृथ्वीच्या सावलीतून जाताना त्याचा एक भाग ठरवलेल्या मर्यादेपेक्षा थोडा जास्त गार झाला, आणि काहीही शंका आली तर बाकी कामं बंद करून गप्प बसायचं आणि हुकमाची वाट बघायची असं त्याला शिकवलेलंच होतं. सावलीतून बाहेर आल्यावर तापमान ठीक झालं. तेव्हा सेफ मोड हा शब्द ऐकलात तर लगेच शोकसंदेश टाकू नका, तो बहुतेकदा शहाण्या पोराने रस्ता चुकल्यावर जागच्या जागी उभं राहावं तसला प्रकार असतो.

आमच्या कागदावर शेवटच्या टिकची वेळ रात्री नऊनंतर आली, भाची तोवर सोफ्यावर झोपली होती, पेन्सिल कानावरच. मी टिक केली नाही, सकाळी तिलाच करायला ठेवली.

नंतरच्या महिन्यांत बघायला डीएसएन नाऊ नावाचं नासाचं पान आहे, डीएसएन म्हणजे त्या तीन ठिकाणच्या अँटेनांचं जाळं, कुठली अँटेना आत्ता कुठल्या यानाशी बोलतेय ते तिथे चालू दिसतं. नावं आखूड असतात, पर्सिव्हिअरन्स म्हणजे एम२०, क्युरिऑसिटी म्हणजे एमएसएल. जाणारा आणि येणारा सिग्नल बारीक लाटांनी दाखवतात आणि जाऊन-यायला किती वेळ लागतो तो आकडा पण असतो, सुरुवातीला सेकंदांत, मग मिनिटांत, आठवड्यातून एकदा बघून कागदाच्या मागे लिहीत गेलात तर तोच तुमचा प्रवासाचा नकाशा. वाट सुधारण्याच्या तारखा प्रेस किटमध्ये असतात, पहिली साधारण दोन आठवड्यांनी. पर्सिव्हिअरन्सला २०३ दिवस आणि ४७ कोटी किलोमीटर लागले, १८ फेब्रुवारी २०२१ ला तो जेझेरो विवरात उतरला. उतरणं बघायचं कसं ते वेगळंच प्रकरण आहे, त्यात सगळं सात मिनिटांत होतं आणि तुम्हाला कळेपर्यंत होऊन गेलेलं असतं, त्याचा कागद वेगळा करावा लागेल.